पंचवीस मिलिमीटरची चकती : अर्थ मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
आर्थिक कार्य विभाग, अर्थ मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : चलनी नाण्यांचा व्यास, वजन आणि आकार

महोदय,

पोलादाची एक चकती आहे. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. १९९२ पासून जवळजवळ वीस वर्षं तुम्ही तिच्यावर एक रुपयाचा छाप मारलात. २०११ साली त्याच व्यासाच्या, त्याच वजनाच्या पोलादी चकतीवर दोन रुपयांचा छाप मारलात. आधीच्या मात्र परत घेतल्या नाहीत. आज माझ्या गल्ल्यात दोन्ही एकाच खणात पडतात आणि रात्री दुकान बंद करताना निवडत बसावं लागतं.

चुकून झालं म्हणावं तर तसंही दिसत नाही. जुन्या पन्नास पैशांची पोलादी चकती २२ मिलिमीटरची, ३.७९ ग्रॅमची होती. २०११ चा रुपया नेमका त्याच मापाचा निघाला. म्हणजे अख्खी रांगच एक घर पुढे सरकवली. अधेलीच्या अंगावर रुपया चढला आणि रुपयाच्या अंगावर दोन रुपये. महागाईत धातू परवडत नाही, हे दुकानदाराला कुणी समजावून सांगायला नको. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटं कमी होताना मी बघतोच. पण पाचाचा पुडा कितीही हलका झाला तरी कंपनी तो दहाच्या पुड्याच्या कागदात गुंडाळून पाठवत नाही.

पत्र रिझर्व्ह बँकेला न लिहिता तुम्हाला लिहितोय, त्याचं कारण आहे. आमच्याकडे सगळ्यांचा समज असा की नाणी रिझर्व्ह बँक काढते. ती फक्त वाटते. नाणं कशाचं, केवढं आणि कसं असावं हे २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे केंद्र सरकार ठरवतं आणि ती फाइल तुमच्या विभागात हलते. पाडण्याचं काम मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळी करतात. मुंबईची खूण म्हणजे सालाखालचा बारीक हिरा. कोकणात हिऱ्याचीच नाणी जास्त सापडतात, हा आपला माझा अंदाज.

माझं वाणसामानाचं दुकान हर्णै बंदराच्या रस्त्यावर आहे. सकाळ-संध्याकाळ होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव होतो आणि तो आटोपला की बायका माझ्याकडे येतात. कुणाला चहापत्ती, कुणाला मिठाचं पोतं, कुणाला मुलासाठी पाचचं काहीतरी. हात ओले, त्यावर खवले, कमरेच्या बटव्यात सगळी मोड एकत्र. संध्याकाळच्या लिलावानंतर उजेड असा नसतोच. त्यांच्यातली एकही बाई नाणं डोळ्यांसमोर धरून वाचत नाही. बटव्यात हात घालायचा, बोटांना लागेल ते काढायचं, समोरच्याच्या तळहातावर ठेवायचं. मासळीचे वाटे मांडून बसलेल्या बाईसमोर चार गिऱ्हाइकं उभी असतात, तेव्हा ती दोनाचं चिन्ह बघत बसणार नाही.

दुसरं माणूस माझ्या घरातलंच. वडिलांना काचबिंदूमुळे फार थोडं दिसतं, पण गल्ल्यावर बसायची सवय सुटलेली नाही. दुपारी मी जेवायला गेलो की तेच बसतात. त्यांच्याकडे जुन्या नाण्यांचा एक डबा आहे. त्यातलं कुठलंही नाणं हातावर ठेवा, डोळे मिटून सांगतात. त्यात चमत्कार काही नाही. ती नाणी पाडणाऱ्यानेच तशी सोय केली होती. दोन आणे चौकोनी, आणा नागमोडी काठाचा. पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पैसे आले तेव्हा तर हिशेब आणखी चोख होता. पाच पैसे चौकोनी आणि एक पैसाही चौकोनी, पण आकाराने लहान. दहा पैसे नागमोडी, दोन पैसे नागमोडीच पण लहान. वीस पैसे षटकोनी, तीन पैसे षटकोनी पण लहान. आकाराने कूळ कळायचं आणि मापाने त्यातलं थोरलं-धाकटं. इतकं साधं. १९९२ नंतरचं दोन रुपयांचं नाणंही अकरा बाजूंचं होतं, तांबं-निकेलचं. खिशात शंभर नाणी असली तरी बोट त्याच्यावर जाऊन थांबायचं.

मग २००५ साली ते गोल झालं. पोलादी, २७ मिलिमीटरचं. तेव्हापासून आमचे वडील दोन रुपयांच्या बाबतीत चाचपडतात.

मध्ये एकदा, २००७ साली, तुम्ही नृत्यमुद्रांची मालिका काढलीत. रुपयावर वर केलेला अंगठा, दोनवर दोन बोटं. लोकांनी तिची टिंगल केली, मला ती कल्पना आवडली होती. ज्याला अंक वाचता येत नाही त्याला बोटं तरी मोजता येतात. पण त्यासाठीही बघावं लागतंच. हाताला ती दोन बोटं लागत नाहीत, विशेषतः दहा वर्षं मिठाच्या पाण्यात घासल्यावर.

आता २०१९ ची मालिका. ७ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांनी ती प्रकाशित केली, समारंभाला दृष्टिहीन मुलांना बोलावलं होतं आणि ही नाणी दृष्टिहीनांना ओळखायला सोपी आहेत असं जाहीर झालं. एका ताटात फक्त नवीच नाणी मांडली तर ते खरंही आहे. रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. किंमत वाढली की माप वाढतं. वीस रुपयांचं नाणंही २७ चंच आहे, पण बारा बाजूंचं. ज्याने हा क्रम लावला त्याने विचार करून लावला.

पण आमच्या ताटात फक्त नवी नाणी नसतात हो. रुपयापासून वरची जुनी सगळी चालू आहेत, कायद्याने वैध आहेत, आणि पोलाद झिजून संपायला एक पिढी जाते. नव्या क्रमातलं एकेक माप घ्या आणि बघा ते आधी कुणाचं होतं. २३ मिलिमीटर हे आज दोन रुपयांचं माप आहे, पण १९९२ पासून २०१९ च्या मालिकेपर्यंत पाच रुपयांची साधी चलनी नाणी याच मापाची होती. त्यातही २००७ च्या सुमाराची पाचची नाणी पांढऱ्या पोलादाची, म्हणजे रंगही नव्या दोनसारखाच. २५ मिलिमीटरवर तर तीन दावेदार आहेत. जुना एक रुपया, २०११ चे दोन आणि नवे पाच. पाच पिवळे आहेत म्हणून डोळसांची सुटका होते. २७ मिलिमीटरवर २००५ नंतरचे दोन, दहा आणि वीस. वजनं वेगळी आहेत हे मला ठाऊक आहे, नवे दोन ४.०७ ग्रॅम आणि पोलादी पाच ६ ग्रॅम. तराजूत तो फरक दिसतो. बटव्यातून नाणं ओढून काढणाऱ्या बोटांना दोन ग्रॅम कळत नाहीत.

तराजूचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. बँकांनी चिल्लर नाकारू नये, एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनावर घ्यावीत आणि शंभर-शंभरच्या पिशव्या कराव्यात, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सूचना चांगली आहे, मोजणाऱ्याचा वेळ वाचतो. आता मी ४८५ ग्रॅमची एक पिशवी काउंटरवर ठेवली. त्यात किती पैसे आहेत? जुने रुपये असतील तर शंभर, २०११ चे दोन असतील तर दोनशे, आणि मिसळ असेल तर मधलं काहीही. पोलादी रुपयाचीच तीन वजनं चलनात आहेत, ४.८५, ३.७९ आणि ३.०९. वजनावर मोजायची सोय एका कार्यालयाने सांगितली आणि ती दुसऱ्या कार्यालयाने वजनं बदलून निकालात काढली. म्हणून कॅशियर मला म्हणतो, मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या. त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो हजार रुपयांचा नियम तोंडावर फेकला जातो तेव्हा. कायद्यातली हजार रुपयांची मर्यादा देण्याघेण्यासाठी आहे, म्हणजे हजारापेक्षा जास्त देणं नाण्यांत घ्यायला कुणी बांधील नाही, एवढाच तिचा अर्थ. खात्यात किती नाणी भरावीत याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. हे तुमच्याकडून एका मोठ्या अक्षरांच्या मराठी फलकावर येईल तर बरं, माझ्या तोंडून कुणी ऐकत नाही.

दहाच्या नाण्याचं दुखणं वेगळं. ते दिसायला चांगलं आहे, पिवळी कड आणि पांढरा गाभा, वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास, हाताला भरीव लागतं. तरी आमच्या बाजारात मधली काही वर्षं ते कुणी घ्यायला तयार नव्हतं. ‘दहाचं चालत नाही’ हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकलं याची गणती नाही. अफवा अशी की पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं. खरी गोष्ट एवढीच होती की ₹ हे चिन्ह २०१० मध्ये ठरलं, २०११ पासून ते नाण्यावर आलं आणि त्याबरोबर नक्षी बदलून पंधराच्या दहा रेघा झाल्या. रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या नोव्हेंबरात खुलासा केला, मग १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा केला की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाही वैध आहेत. खुलासा वाचून मला हसू आलं. चौदा! वैष्णोदेवीचं वेगळं, संसदेच्या साठ वर्षांचं वेगळं, बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीचं वेगळं. थोरांची आठवण ठेवायला माझी ना नाही. २००७ साली लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं आलं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने ते खर्च केलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या देव्हाऱ्यात एक आहे. पण तिथेच तर मुद्दा आहे. स्मरणाचं नाणं लोक ठेवून देतात, नाहीतर त्याच्यावर संशय घेतात. वापरत नाहीत. स्मरणाची नाणी संग्राहकांसाठी काढा, शंभराची काढा, एकशेपंचवीसची काढलीतच की. रोजच्या दहाला एकच चेहरा असू द्या.

आणि आता त्याच दहाला जुळा भाऊ आलाय. दहाची कड पिवळी आणि पोट पांढरं, वीसची कड पांढरी आणि पोट पिवळं. व्यास दोघांचा सारखा. वीस ८.५४ ग्रॅम म्हणजे दहापेक्षा ग्रॅमभरही जड नाही. बारा बाजू आहेत, पण त्यांचे कोन इतके बोथट की भिजून सुरकुतलेल्या बोटाला गोलच वाटतात. अकरा बाजूंच्या जुन्या दोनचे कोपरे बोटाला टोचायचे, हे का टोचत नाहीत ते कारागिरांनी सांगावं. वडिलांनी एका दुपारी दहा समजून वीस दिले तर ज्याला दिले तो परत करीलच असं नाही. सगळेच काही गावातले नसतात, सुट्टीत अर्धी मुंबई इथे असते.

धातूबद्दल थोडं लिहितो, कारण समुद्रकाठी राहणाऱ्याला त्याचं ज्ञान न मागता मिळतं. १९९२ पूर्वीचा रुपया तांबं-निकेलचा होता. दगडावर टाकला की वाजायचा. ते नाणं खारं वारं खाऊनही फक्त मळायचं. नंतरचं पोलाद म्हणजे त्र्याऐंशी टक्के लोखंड, सतरा टक्के क्रोमियम. त्याला लोहचुंबक लागतं, निकेल नावालाही नाही. शहरात ते चकचकीत राहत असेल. इथे मिठाच्या पाण्यात भिजून पाटीच्या तळाशी पडलेल्या नाण्यावर पावसाळाभरात तपकिरी ठिपके येतात. दहाची पिवळी कडही काळवंडते, मग ‘हे खोटं’ म्हणून पुन्हा वाद. गिऱ्हाईक नाणं उलटसुलट करून बघत उभं राहतं आणि मागे रांग वाढते.

तरी पोलाद नको असं मी म्हणणार नाही. पाच रुपयांच्या जाड, ९ ग्रॅमच्या नाण्यात पावणेसात ग्रॅम तांबं आणि सव्वादोन ग्रॅम निकेल होतं. आजच्या भावाने तो धातूच पाच रुपयांहून जास्त भरतो. नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, तरीही ती जाड नाणी बाजारातून कुठे गेली ते सगळ्यांना समजतं. २०१८ साली माहितीच्या अधिकारात उत्तर आलं होतं की मुंबई टांकसाळीत रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात आणि दहाचं पाडायला ५ रुपये ५४ पैसे. रुपया तोट्यात आहे, दहा नफ्यात. म्हणून धातू स्वस्त करा, पातळ करा, लहान करा, माझं काही म्हणणं नाही. नवा वीस मिलिमीटरचा रुपया लहान आहे म्हणून लोक कुरकुरतात, मी कुरकुरत नाही, कारण ते माप पूर्वी कुठल्याही रुपयाला किंवा दोनला दिलेलं नव्हतं. त्याला बोट ओळखतं. स्वस्त धातूला वेगळा आकार द्यायला जास्त पैसे पडत असतील, पण अ‍ॅल्युमिनियमच्या दीडदमडीच्या पैशाला ते परवडत होतं ना?

इथून दाभोळ फार लांब नाही. आदिलशाहीच्या काळात त्या बंदरात लारी चालायची. लारी म्हणजे चांदीची तार मधून दुमडायची आणि तिच्यावर छाप मारायचा, बस. इराण-अरबस्तानातून व्यापाऱ्यांबरोबर आलेली चाल. त्या नाण्यावरचा छाप अर्धामुर्धाच उठायचा, वाचणाऱ्यालाही तो पुरा लागत नसणार. पण अंधाऱ्या गलबतात हात घातला तरी लारी आणि शिवराई यांत गोंधळ कुणाचा झाला नसेल. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे तारेला जमलं ते यंत्राला जमू नये, याचं मला नवल वाटतं.

तुमच्याकडून येऊ शकणारं उत्तर मला दिसतंय. आता कोण नाणी वापरतं, स्कॅन करा आणि मोकळे व्हा. करतो की. माझ्या दुकानातही तो बोलणारा डबा आहे, पैसे आले की ओरडतो. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. त्या दिवसांत मेणबत्त्या आणि तांदूळ नोटा-नाण्यांवरच विकले गेले, आणि तेही अंधारात. वादळ सोडा, जुलैतल्या साध्या पावसातही रेंज दोन-दोन तास जाते. शिवाय मघाशी सांगितलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणींचा फोन मुलाच्या नावावर आणि मुलाच्याच खिशात असतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मनी’ नावाचं अ‍ॅप काढलं, दृष्टिहीन माणसाने नोट समोर धरली की ते किंमत बोलून दाखवतं. चांगलं आहे, वडिलांच्या फोनमध्ये मी घालून दिलंय. ते फक्त नोटा ओळखतं.

म्हणून मागणं मांडतो. नवी मालिका आणखी नको. २०१९ चा क्रम ठीक आहे, तो वीस-पंचवीस वर्षं हलवू नका. हलवायचा तर फक्त वीसचं नाणं, त्याला कोपरे द्या किंवा नागमोडी काठ द्या, काहीही द्या जे ओल्या बोटाला लागेल. आणि जुनी, मापांचा घोळ करणारी नाणी परत घ्यायला लागा : २५ मिलिमीटरचा पोलादी रुपया, २७ मिलिमीटरचे पोलादी दोन, पांढरे पोलादी पाच आणि २०११ चे दोन. पंचवीस पैशांसारखं ३० जूनची तारीख देऊन रद्द मात्र करू नका, त्याने म्हाताऱ्यांच्या डब्यातले पैसे बुडतात आणि अफवा उठतात ते वेगळंच. वैध राहू द्या, फक्त एकदा बँकेत आली की पुन्हा बाहेर सोडू नका. निवडणारी यंत्रं असतातच. टांकसाळीला धातू परत मिळेल, तोही विकत न घेता. आठ-दहा वर्षांत बाजार आपोआप स्वच्छ होईल आणि मग ती वजनावर नाणी घ्यायची सूचनाही कामाला येईल.

वीसच्या नाण्याचा आकार बदलायचं ठरलंच, तर नमुने ठरवायच्या आधी एकदा हर्णैला या. छाप न मारलेल्या कोऱ्या चकत्या आणा, पाच-सहा आकारांच्या, आणि त्या चालू नाण्यांत मिसळून लिलावानंतर बायकांच्या बटव्यात टाका. कोणता आकार न बघता हाताला लागतो ते अर्ध्या तासात कळेल. अहवाल लिहावा लागणार नाही. वडीलही येतील, त्यांना मी सांगून ठेवलंय. फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा येऊ नका, बंदरावर कुणी भेटणार नाही. ऑगस्टमध्येही नारळी पौर्णिमेनंतरच या. संध्याकाळच्या लिलावाची वेळ साधून या, सकाळी उजेड असतो आणि उजेडात तुमची सगळीच नाणी पास होतील.

आपला,
एक दुकानदार
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी